हरला तो घरी : कूपरेज ते बर्लिन, व्हाया मोझरी

गुरुकुंज मोझरीच्या पंचक्रोशीत कबड्डीचे सामने भरले की पत्रकावर एक ओळ हमखास असते : सामने बाद पद्धतीने खेळविले जातील. म्हणजे हरला तो घरी! साखळी नाही, गुणतक्ता नाही, ‘पुढच्या सामन्यात बघून घेऊ’ नाही. मैदानावर फक्कीच्या रेषा पडल्या आणि पंचांनी शिट्टी मारली की खेड्यातल्या पोरांचा संघ आणि तालुक्याचा नावाजलेला संघ एका पायरीवर.

जगातले कितीतरी नावाजलेले फुटबॉल चषक याच पद्धतीवर उभे राहिले. त्यातला एक आपल्या मुंबईचा, रोव्हर्स चषक. दुसरा जर्मनीचा राष्ट्रीय चषक, ज्याला तिकडे डीएफबी पोकाल म्हणतात. या दोन चषकांच्या पोतडीत इतक्या भन्नाट गोष्टी आहेत की फुटबॉल न बघणाऱ्यानंही कान टवकारावेत. घ्या तर मग.

मुंबईचा चषक ४४ वर्षांनी थोरला

फुटबॉल म्हटलं की जर्मनी, आणि जर्मनी म्हटलं की सगळं आधी तिकडेच झालं असणार, असं आपण धरून चालतो. पण चषकाच्या बाबतीत मुंबई पुढे आहे. रोव्हर्स चषक सुरू झाला १८९१ साली. जर्मनीचा राष्ट्रीय चषक पहिल्यांदा खेळला गेला १९३५ साली. मधे तब्बल ४४ वर्षांचं अंतर! त्याआधी १८८८ मध्ये शिमल्याला ड्युरँड चषक सुरू झाला होता, आणि रोव्हर्सनंतर दोन वर्षांनी कोलकात्यात आयएफए शील्ड आली. जर्मनीत राष्ट्रीय चषकाचा पत्ता नव्हता तेव्हा आपल्याकडे बाद फेरीच्या अशा तीन मोठ्या स्पर्धा रंगत होत्या.

१९३५ : मोझरीत आश्रम, जर्मनीत चषक

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला तो १९३५ साली. त्याच वर्षी ८ डिसेंबरला ड्यूसलडॉर्फ शहरात जर्मन चषकाचा पहिला अंतिम सामना झाला. न्युरेम्बर्गनं शाल्केला २-० असं हरवलं.

साल एकच, पण दोन्हीकडचं वारं किती वेगळं! मोझरीत सर्व धर्मांच्या माणसांना एका प्रार्थनेला बसवण्याचं काम सुरू होत होतं. जर्मनीत हिटलरची राजवट होती आणि नव्या चषकाला नाव दिलं होतं तिच्या क्रीडाप्रमुखाचं, हान्स फॉन चामर उंड ऑस्टेन याचं. युद्धात ती राजवट बुडाली आणि चषकावरचं नावही पुसलं गेलं. १९५२-५३ च्या हंगामात स्पर्धा पुन्हा सुरू झाली ती जर्मन फुटबॉल संघटनेच्या नावानं, आणि नव्या जमान्यातला पहिला विजेता ठरला कोळसा-पोलादाच्या पट्ट्यातला रोट-वाइस एसेन.

अमरावतीकर बर्लिनमध्ये

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्तानं जगाला कबड्डी कुणी दाखवली? अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं! वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या या मंडळाचं पथक बर्लिनला गेलं आणि आपल्या मातीतल्या खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. रेल्वे आणि बोटीच्या त्या जमान्यात वऱ्हाडातून बर्लिन गाठायचं म्हणजे केवढी हिंमत!

त्याच ऑलिंपिकमध्ये फुटबॉलही बाद पद्धतीनंच होतं. यजमान जर्मनी नॉर्वेकडून ०-२ हरली आणि थेट स्पर्धेबाहेर. हॉकीच्या अंतिम सामन्यात तर ध्यानचंद यांच्या भारतानं जर्मनीचा ८-१ असा फडशा पाडला.

आणि ते ऑलिंपिकसाठी बांधलेलं बर्लिनचं स्टेडियम? १९३६ च्या हंगामाचा चषकाचा अंतिम सामना तिथेच झाला, जानेवारी १९३७ मध्ये. लाइपझिगनं शाल्केला २-१ असं नमवलं. युद्धानंतर अंतिम सामना गावोगाव फिरत राहिला आणि १९८५ पासून दरवर्षी पुन्हा त्याच स्टेडियममध्ये होऊ लागला. बर्लिन गाठायचं, हे जर्मनीतल्या प्रत्येक छोट्या क्लबाचं स्वप्न असतं. अमरावतीनं ते केव्हाच गाठलं होतं.

पलटणींची सद्दी आणि बंगळूरचा दणका

रोव्हर्स चषकाच्या पहिल्या यादीवर नजर टाका, इंग्रजी पलटणीच पलटणी! पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंटचा संघ. वर्षानुवर्षं चषक एका छावणीतून दुसऱ्या छावणीत जायचा.

१९२३ मध्ये कोलकात्याचा मोहन बागान अंतिम सामन्यात धडकला. समोर डरहॅम लाइट इन्फंट्री. निकाल ४-१, पलटणीच्या बाजूनं. पण दार किलकिलं झालं होतं.

ते सताड उघडलं १९३७ साली. बंगलोर मुस्लिम्स या संघानं अंतिम सामन्यात मोहम्मडन स्पोर्टिंगला १-० असं हरवलं आणि रोव्हर्स चषक पहिल्यांदा भारतीय संघाच्या हाती आला. गंमत म्हणजे अंतिम सामन्यातले दोन्ही संघ भारतीय होते. पलटणी आधीच घरी गेल्या होत्या! हा योगायोग नव्हता हे बंगळूरकरांनी पुढच्याच वर्षी दाखवलं आणि १९३८ चा चषकही नेला. १९४० मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंगनं उट्टं काढलं : रोव्हर्सही जिंकला आणि त्याच वर्षी ड्युरँडही.

इकडे बंगळूरनं दणका दिला त्याच १९३७ च्या हंगामात जर्मनीत खाणकामगारांच्या गेल्सेनकिर्खन गावचा शाल्के लीग आणि चषक दोन्ही जिंकणारा पहिला संघ ठरला. दोन खंडांत एकाच वेळी साध्या घरांतल्या माणसांचे संघ गाजत होते.

सलग पाच! जर्मनीत तीनही जमलेले नाहीत

हैदराबाद सिटी पोलीस या संघानं रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षं जिंकला. बाद पद्धतीत एक वाईट दिवस पुरतो आणि वर्ष वाया जातं. तिथे पाच वर्षं एकही वाईट दिवस येऊ न देणं म्हणजे काय ते खेळलेल्या माणसाला विचारा.

जर्मनीशी ताडून बघा. बायर्न म्युनिकनं २०२५ पर्यंत २० वेळा चषक जिंकलाय, पण सलग तीन वर्षं? बायर्नला नाही, कुणालाच नाही. फॉर्चुना ड्यूसलडॉर्फ जवळ पोहोचला होता : १९७८ ते १९८१ या काळात चषकाचे १८ सामने ओळीनं जिंकले, पण चषक हाती आले दोनच, १९७९ आणि १९८० चे.

हैदराबादच्या त्या संघाचे गुरू होते सय्यद अब्दुल रहीम. मूळ पेशा शिक्षकाचा. त्यांच्याच हाताखाली भारतानं १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं जिंकली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. २०२४ मध्ये आलेला ‘मैदान’ हा चित्रपट त्यांच्यावरच आहे.

मुंबईचा नेव्हिल

मेलबर्नचा विषय निघालाच आहे तर मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांना सलाम केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १ डिसेंबर १९५६ ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी तीन गोल मारले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारे ते पहिले आशियाई. भारत ४-२ जिंकला, तोही यजमानांच्या घरात. मुंबईचं फुटबॉल तेव्हा कंपन्यांच्या संघांवर पोसलेलं होतं : टाटा, कॅलटेक्स, पुढे मफतलाल, महिंद्र. सकाळी कंपनीत हजेरी, संध्याकाळी मैदान. १९५८ मध्ये कॅलटेक्सनं रोव्हर्स चषक जिंकला तेव्हा कूपरेजला घरचंच लेकरू पहिलं आल्यासारखं झालं असेल.

कूपरेजची गर्दी

दक्षिण मुंबईतलं कूपरेज म्हणजे रोव्हर्सची पंढरी. कोलकात्याचे, हैदराबादचे, गोव्याचे, पंजाबचे संघ इथे येऊन भिडायचे. मुंबईतल्या बंगाली मंडळींना तर ईस्ट बंगाल किंवा मोहन बागान आलं की सणच. संगीतकार सचिनदेव बर्मन ईस्ट बंगालचे कट्टर चाहते होते. इथल्या फुटबॉलचा कारभार बघणारी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन १९११ सालची. मोहन बागाननं अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवलं आणि आयएफए शील्ड जिंकली, तेही त्याच वर्षी.

रोव्हर्स सर्वांत जास्त वेळा जिंकला तोही मोहन बागाननंच, १४ वेळा. २०००-०१ च्या हंगामाचं विजेतेपदही त्यांचंच, आणि त्यानंतर ही परंपरा खंडित झाली. ११० वर्षांची स्पर्धा!

हातात धरला तर कळेल

आता जरा जर्मन चषक जवळून बघू. उंची ५२ सेंटिमीटर, वजन ५.७ किलो. चांदीचा, वरून सोन्याचा मुलामा, त्यासाठी वापरलेलं सोनं २५० ग्रॅम. अंगावर १२ टूर्मलिन, १२ स्फटिक आणि १८ हिरवे नेफ्राइट खडे. घडवणारे कोलोनचे सुवर्णकार विल्हेल्म नागल, साल १९६४. आत आठ लिटर मावतं, आणि विजेते संघ ते मोजूनच बघतात! खालच्या पट्टीवर विजेत्यांची नावं कोरली जातात. नावं इतकी झाली की जागा संपली आणि १९९१ मध्ये बैठक पाच सेंटिमीटरनं वाढवावी लागली.

२००२ साली शाल्केच्या जल्लोषात हाच चषक हातून निसटला आणि चेपला. दुरुस्तीला हजारो युरो लागले. तेव्हा पोरांनो, ट्रॉफी मिळाली की आधी नीट धरा, मग नाचा.

सहा-सहा!

२ मे १९८४. उपांत्य सामना. एका बाजूला बायर्न म्युनिक, दुसरीकडे शाल्के, जो त्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. शाल्केचा ओलाफ थॉन आदल्याच दिवशी १८ वर्षांचा झाला होता. त्यानं तीन गोल मारले, त्यातला शेवटचा जादा वेळेच्याही अगदी शेवटच्या क्षणी. धावफलक : ६-६. होय, सहा-सहा!

तेव्हाच्या नियमानं सामना पुन्हा खेळवला गेला आणि बायर्न ३-२ असा निसटता जिंकला. त्यांचा अंतिम सामना ग्लाडबाखशी बरोबरीत सुटला आणि इतिहासात पहिल्यांदा जर्मन चषकाचा निकाल पेनल्टीवर लागला. ग्लाडबाखकडून चुकलेल्या पेनल्टींपैकी एक होती लोथार माथेउसची. पुढच्या हंगामात तो कुठे गेला? बायर्नलाच.

‘मी उतरतो’

१९७३ चा अंतिम सामना, ग्लाडबाख विरुद्ध कोलोन. ग्लाडबाखचा हिरा ग्युंटर नेट्झर बाकावर बसलेला, कारण प्रशिक्षकांनी त्याला संघात घेतलं नव्हतं. नव्वद मिनिटं संपली, १-१. थकलेल्या सहकाऱ्याला त्यानं विचारलं, अजून दम आहे का? नाही म्हटल्यावर वरचा सदरा काढला, प्रशिक्षकांना सांगितलं की मी खेळतो, आणि सरळ मैदानात. जादा वेळेच्या पहिल्या काही मिनिटांतच त्यानं चेंडू वरच्या कोपऱ्यात घातला. २-१, चषक ग्लाडबाखचा. तो ग्लाडबाखसाठी त्याचा शेवटचा सामना होता, पुढचं ठिकाण रेआल माद्रिद.

तीन दिवसांत दोन फायनल

१९७७ ला कोलोन आणि हर्था बर्लिन यांचा अंतिम सामना १-१ सुटला. पेनल्टी नाही, पुन्हा सामना! २८ मे ला पहिला, ३० मे ला दुसरा, दोन्ही हॅनोव्हरमध्ये. कोलोन १-० जिंकला. जर्मन चषकात अंतिम सामना दुसऱ्यांदा खेळवावा लागला तो हा एकदाच. कोलोनच्या डीटर म्युलरनं त्या एका हंगामात चषकात १४ गोल ठोकले.

पटापट सात

• १९३८ चा जर्मन चषक जिंकला व्हिएन्नाच्या रापिडनं! ऑस्ट्रिया जर्मनीनं गिळंकृत केल्यामुळे तिथले संघही या चषकात खेळत होते. १९४३ मध्ये व्हिएन्नाचाच दुसरा संघ जिंकला.

• १९७० : दुसऱ्या पायरीवरच्या लीगमध्ये हंगाम काढलेल्या किकर्स ऑफनबाखनं कोलोनला २-१ हरवून चषक नेला.

• १९९२ : दुसऱ्या श्रेणीतल्या हॅनोव्हरनं पेनल्टीवर ग्लाडबाखला नमवलं.

• १९९३ : हर्था बर्लिनचा दुसरा, हौशी खेळाडूंचा संघ अंतिम सामन्यात पोहोचला. मुख्य संघाला त्या हंगामात न जमलेलं राखीव पोरांनी करून दाखवलं. लेव्हरकुसेननं त्यांना हरवलं, पण एकाच गोलानं.

• १९९६ : कायझर्सलाउटर्न पहिल्या श्रेणीतून खाली घसरला आणि आठवड्याभरात चषक जिंकला! वर आल्याबरोबर, १९९८ मध्ये, थेट लीगचं विजेतेपद.

• २०२० : चौथ्या श्रेणीतला झारब्र्युकन उपांत्य फेरीत पोहोचला, असं करणारा पहिलाच. गोलरक्षक डॅनियल बाट्झनं उपांत्यपूर्व सामन्यात पाच पेनल्टी अडवल्या, एक खेळाच्या वेळेत आणि चार शूटआउटमध्ये.

• २०२३ : त्याच झारब्र्युकननं, तेव्हा तिसऱ्या श्रेणीत असताना, बायर्न म्युनिकला शेवटच्या क्षणी गोल मारून २-१ असं बाहेर काढलं.

गावानं बायर्नला हरवलं

हे मोझरीकरांनी खास वाचावं. फेस्टनबर्ग्सग्रॉइथ! नाव उच्चारता उच्चारता दम लागतो, पण गाव एवढंसं, दीड हजारांच्या आसपास वस्तीचं. बव्हेरियातलं हे खेडं वनौषधी आणि चहाच्या व्यवसायासाठी ओळखलं जातं. १४ ऑगस्ट १९९४ ला चषकाच्या पहिल्या फेरीत त्यांच्यासमोर आला बायर्न म्युनिक. ऑलिव्हर कान गोलात, माथेउस मैदानात, प्रशिक्षक इटलीचे जोव्हानी त्रापातोनी. एवढी गर्दी गावच्या मैदानात मावणार कशी? म्हणून सामना न्युरेम्बर्गच्या मोठ्या स्टेडियममध्ये ठेवला.

रोलांड श्टाइननं डोक्यानं एक गोल मारला. एकच. तेवढा पुरला. १-०! जर्मनीत आजही चषकात उलटफेर झाला की या गावाचं नाव निघतं. दोन वर्षांनी या क्लबाचा फुटबॉल विभाग शेजारच्या फ्युर्थमध्ये विलीन झाला, आणि गावाच्या नावाचा तुकडा आजही ग्रॉइथर फ्युर्थ या क्लबाच्या नावात जिवंत आहे.

‘नसलेल्या’ शहराचा हंगाम

आता २०२४-२५ चा हंगाम. या हंगामाचा नायक बीलेफेल्ड.

जर्मनीत एक जुना विनोद आहे : बीलेफेल्ड नावाचं शहर अस्तित्वातच नाही. १९९४ साली एका विद्यार्थ्यानं गंमत म्हणून सोडलेली ही पुडी देशभर पसरली. शहरानंही ती आनंदानं खेळवली. २०१९ मध्ये तर नगरीनं जाहीर केलं की बीलेफेल्ड नाही हे जो सिद्ध करील त्याला दहा लाख युरो! बक्षीस अर्थातच कुणाला मिळालं नाही.

या शहराचा क्लब अर्मिनिया बीलेफेल्ड. २०२२ मध्ये पहिल्या श्रेणीतून दुसरीत घसरला, २०२३ मध्ये दुसरीतून तिसरीत. दोन वर्षांत दोन पायऱ्या खाली. अशा संघाकडून कोण काय अपेक्षा ठेवणार?

आणि मग गाडी सुटली. पहिल्या फेरीत दुसऱ्या श्रेणीतल्या हॅनोव्हरला २-० हरवलं. मग पहिल्या श्रेणीतले संघ ओळीनं आले आणि ओळीनं गेले. युनियन बर्लिन २-०. फ्रायबुर्ग ३-१. वेर्डर ब्रेमेन २-१. उपांत्य फेरीत समोर लेव्हरकुसेन, म्हणजे गतविजेता, ज्यानं आदल्या वर्षी लीग आणि चषक दोन्ही जिंकले होते आणि देशात एकही सामना गमावला नव्हता.

तारीख होती १ एप्रिल. लेव्हरकुसेननं १७ व्या मिनिटाला गोल केला. तीनच मिनिटांत बीलेफेल्डच्या मारिउस व्यर्लनं बरोबरी साधली. मध्यंतराच्या उंबरठ्यावर माक्सिमिलियन ग्रोसरनं दुसरा गोल घातला. मग उरलेला अर्धा सामना तटबंदीचा. २-१! एप्रिल फूल कुणीच केलं नव्हतं, बीलेफेल्ड खरंच बर्लिनला निघालं होतं.

तिसऱ्या श्रेणीतून अंतिम सामना गाठणारा हा फक्त चौथा संघ. आधीचे तीन : हर्थाचे हौशी १९९३ मध्ये, कॉटबुस १९९७ मध्ये, युनियन बर्लिन २००१ मध्ये. २४ मे २०२५ ला बर्लिनमध्ये श्टुटगार्टनं अर्ध्या तासात तीन गोल मारून सामना खिशात घातला, पुढे ४-० केले. इतर कुणी हातपाय गाळले असते. बीलेफेल्डनं ८२ व्या मिनिटाला एक गोल मारला, ८५ व्या मिनिटाला दुसरा मिळवला आणि श्टुटगार्टच्या पोटात गोळा आणला. शेवट ४-२. चषक श्टुटगार्टचा, पण बीलेफेल्ड रिकाम्या हातानं गेलं नाही. त्याच हंगामात तिसऱ्या श्रेणीचं विजेतेपद जिंकून ते वर चढलं होतं.

तालमीतून फुटबॉल

बाद फेरीचं वेड बघायचं तर जर्मनीलाच जायला पाहिजे असं नाही, कोल्हापूरला जा. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीच्या आखाड्यांची नावं फुटबॉलच्या जर्सीवर! राजर्षी शाहू स्टेडियमवर दोन पेठांचे संघ भिडले की अख्खं शहर दोन बाजूंना वाटलं जातं. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

त्याच विश्वचषकात गोव्यानं एक अजब दृश्य बघितलं. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर १० ऑक्टोबरला इराणच्या पोरांनी जर्मनीला ४-० असं लोळवलं. फुटबॉलमध्ये नावावर कुणी जिंकत नाही.

नागपूरची पोरं

विदर्भाची सगळ्यात मोठी फुटबॉल कहाणी नागपूरच्या झोपडपट्टीतून निघाली. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी वस्तीतल्या मुलांना मैदानावर आणलं आणि २००१ साली स्लम सॉकर उभं राहिलं. बेघरांच्या विश्वचषकापर्यंत ही पोरं पोहोचली. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट, २०२२ सालचा, याच कामावर बेतलेला. ज्यांना कुठल्या लीगमध्ये जागा नव्हती त्यांना खेळायला मैदान मिळालं की काय होतं, याचा पुरावा आपल्याच विदर्भात आहे.

जर्मनीची थेट गाठही महाराष्ट्राशी पडली आहे. २०२३ मध्ये राज्याच्या क्रीडा विभागानं बायर्न म्युनिकबरोबर १४ वर्षांखालील मुलांसाठी एफसी बायर्न महाराष्ट्र कप भरवला. आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य. निवडलेल्या मुलांसाठी बक्षीस काय, तर म्युनिकमध्ये प्रशिक्षण!

थोरल्यानं धाकट्याच्या दारी यायचं

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेला नियम. जर्मन चषकात ६४ संघ असतात. पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीचे ३६, तिसऱ्या श्रेणीतले पहिले चार, आणि उरलेले २४ संघ प्रादेशिक संघटनांकडून, बहुतेक त्यांचे चषक जिंकून आलेले. म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्या-तालुक्यातून वर आलेले म्हणा. पहिल्या फेरीची सोडत निघते ती दोन भांड्यांतून : एकात बडे, दुसऱ्यात छोटे. आणि सामना कुठे? छोट्याच्या गावात!

बायर्न, डॉर्टमुंड, लेव्हरकुसेन, कुणीही असो, बस काढायची आणि छोट्याच्या गावी खेळायला जायचं. त्या दिवशी गावातली प्रत्येक पोरगी आणि पोरगा जगातल्या नामांकित खेळाडूंना हाताच्या अंतरावरून बघतो. तिकिटाच्या पैशातला वाटा छोट्या क्लबाच्या गल्ल्यात, आणि त्यातून पुढची कित्येक वर्षं पोरांचे बूट आणि मैदानाचं गवत निघतं. माझ्या मते सोन्याचा मुलामा दिलेल्या त्या चषकापेक्षा हा नियम मौल्यवान आहे. खेड्याला मान दिला की देश मोठा होतो, हे मोझरीत बसलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. राष्ट्रसंतांनी ग्रामगीतेत खेडं मध्यभागी ठेवलं, ते उगाच नाही.

रोव्हर्स चषकाचं इथेच राहून गेलं. तो मोठा होता, देशभरात त्याचं नाव होतं, पण तो कूपरेजवरच राहिला. अमरावती, अकोला, जळगाव, लातूरच्या पोरांच्या दारी तो कधी आला नाही. म्हणून तो थांबला तेव्हा मुंबईबाहेर त्याच्यासाठी कुणी रस्त्यावर उतरलं नाही.

ड्युरँड चषकानं मात्र हा धडा गिरवला. शिमला, दिल्ली, गोवा करत तो २०१९ मध्ये कोलकात्याला आला आणि तिथून बाहेर पडला. २०२३ मध्ये आसामातल्या कोक्राझारला सामने झाले, पुढे जमशेदपूर आणि शिलाँगलाही. २०२५ मध्ये पहिल्यांदाच खेळणारा डायमंड हार्बर ईस्ट बंगालला हरवून अंतिम फेरीत पोहोचला. अंतिम सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेडनं त्यांना ६-१ असं हरवलं खरं, पण आपला बीलेफेल्डही आपल्या घरातच आहे हे देशाला कळलं.

तेव्हा सरळ मागणी आहे. महाराष्ट्रानं रोव्हर्स चषक पुन्हा सुरू करावा. प्रत्येक जिल्ह्यानं आपला चषक खेळवून विजेता पाठवावा. आणि पहिल्या फेरीचे सामने कूपरेजवर न ठेवता त्या विजेत्यांच्या गावी ठेवावेत. मुंबई सिटी या बड्या क्लबाचा संघ अमरावतीला यावा, अकोल्याला यावा, कोल्हापूरच्या तालमींनी त्याला शाहू स्टेडियमवर घाम फोडावा. अंतिम सामना खुशाल कूपरेजवर होऊ द्या. पोरं तिथवर पोहोचतात की नाही ते त्यांच्या पायांना ठरवू द्या, एसटीच्या भाड्याला नको.